अंगणातलं क्रिकेट: बंधन मोठ्यांवर घाला

प्रश्न थोडक्यात असा: घरामागे साधारण 14 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद मोकळी जागा आहे. एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला घराची खिडकी. सुट्टीच्या दिवशी घरचे आणि मित्रमंडळी मिळून आठेक जण जमतात. सगळ्यात धाकटी सहा वर्षांची, सगळ्यात थोरले आजोबा सत्तरीचे. खेळ उत्साहाने सुरू होतो, पण अर्ध्या तासात धाकटे रुसतात, थोरले खुर्चीत जाऊन बसतात आणि दोन तरुणच बॅट धरून राहतात. बॉल कुठला वापरावा, नियम कोणते ठेवावेत?

जागा पुरेशी आहे आणि माणसंही भरपूर आहेत. खेळ मोडतो तो वेगळ्याच कारणाने. घरच्या खेळात सगळ्यांचं बळ सारखं नसतं, आणि ते सारखं करायला आपण नको त्या टोकाला हात घालतो. धाकटीला आपण लिंबूटिंबू करून टाकतो. तिला आउट नाही, तिला तीन चेंडू जास्तीचे, तिला मुद्दाम हळू बॉलिंग. आपल्याला वाटतं, आपण तिला सांभाळून घेतोय. तिला मात्र पाच मिनिटांत कळतं, की जिची विकेट कुणी मोजत नाही तिचे रनही कुणी मोजत नाही. मग ती बॅट टाकून आत जाते आणि आपण म्हणतो, "लहान आहे, कंटाळली."

मी मुलांना क्रिकेट शिकवते, आणि आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांचा एकत्र डाव आमच्या अंगणात गेली अनेक वर्षं लावते आहे. त्यातून माझं मत पक्कं झालंय: लिंबूटिंबू हा प्रकार बंद करा आणि जे जोरात खेळतात त्यांच्यावर बंधनं घाला. बॅट धरली की आउट व्हायचा नियम सहा वर्षांच्या मुलीला जो, तोच तिच्या काकाला. बॅट, विकेट, अंतर, पळायची रेघ ही मात्र ज्याच्या त्याच्या बळाप्रमाणे. खाली जे काही सांगते आहे ते बहुतेक याच एका गोष्टीतून आलेलं आहे.

आधी खेळपट्टी कुठे आखायची ते पाहा, कारण फुटणाऱ्या काचा तिथेच ठरतात. नवख्या हाताचा फटका बहुतेक वेळा आडव्या बॅटने लेग साइडला जातो. बॉलरकडे तोंड केलं की उजव्या हाताने खेळणाऱ्याची डावीकडची ती लेग साइड, उजवीकडची ऑफ साइड. त्यामुळे उजव्या हाताने खेळणारे जास्त असतील तर खिडकी त्यांच्या ऑफ साइडला यायला हवी आणि भिंत लेग साइडला. सध्या नेमकं उलटं असेल तर बॅटिंगचं टोक बदला, बाजू आपोआप उलटतात. डावखुरा आला म्हणून दर वेळी टोक बदलत बसू नका. खिडकीवर बाहेरून जाळी लावली की विषय मिटतो. खेळ संध्याकाळचा असेल तर मावळतं ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येणार नाही असं टोक निवडा. मोठ्या मैदानांवर खेळपट्टी साधारण उत्तर-दक्षिण आखतात ती याच कारणाने.

तुमच्या 14 मीटरांत विकेट मागच्या भिंतीपासून दीड मीटर पुढे ठेवली, बॅटर तिच्यापुढे थोडा उभा राहिला आणि बॉलरच्या मागे थोडी जागा सोडली, की चेंडू सुटतो तिथपासून बॅटरपर्यंत सुमारे 10 मीटर उरतात. हे अंतर किती फसवं आहे ते बघा. 10 मीटरवरून ताशी 60 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू ढोबळमानाने 0.6 सेकंदात पोचतो. पूर्ण खेळपट्टी असते 20.12 मीटरची, तिच्यावर बॉलरच्या हातापासून बॅटरपर्यंत पावणेअठरा मीटर धरले, तर तेवढ्याच वेळात पोचायला ताशी 105 किलोमीटरच्या आसपास वेग लागेल. म्हणजे घरचा तरुण "मी हळूच टाकतोय" म्हणतो तेव्हा समोरच्याला वेळ तेवढाच मिळतो, जेवढा मोठ्या मैदानावर चांगल्या मध्यमगती बॉलरपुढे मिळतो. म्हणून पहिलं बंधन रनअपवर. जागेवर उभं राहून, फार तर एक पाऊल टाकून बॉलिंग. धाकट्यांनी हवं तर दहा पावलं पळत यावं, त्यांना ते आवडतं आणि त्याने कुणाचं बिघडत नाही.

धाकट्या बॉलरला पुढे यायची मुभा द्या, अगदी सहा-सात मीटरवर. टप्पा विकेटच्या आसपास पडायला लागला की तिचा नेम बसतो आणि नेम बसला की ती विकेट काढते. ऑस्ट्रेलियात अगदी लहान वयोगटाच्या सामन्यांत खेळपट्टी 16 मीटरची करतात आणि संघात सात गडी ठेवतात. तिथे मैदान मोठंच असतं, तरीही मुलांसाठी अंतर कमी केलं जातं.

बॉलबद्दल मी ठाम आहे: लेदरचा बॉल अंगणात नको, कितीही चांगले खेळणारे असोत. त्याचं वजन 155.9 ते 163 ग्रॅम असतं, टेनिस बॉलचं 56 ते 59.4 ग्रॅम. जवळजवळ तिप्पट वजन, तेही कडक, आणि अंगणात फील्डर बॅटपासून पाच-सहा मीटरवर उभा. छोटे कडक रबरी चेंडूही टाळा. लहान व्यासाचा चेंडू डोळ्याच्या खोबणीत शिरू शकतो. टेनिस बॉल साडेसहा सेंटिमीटरहून मोठा असल्याने भुवई आणि गालाच्या हाडावर अडतो. तरी तोही डोळ्याला लागू शकतो, तेव्हा चष्मेवाल्यांनी न फुटणाऱ्या काचांचा चष्मा घालून खेळावं.

टेनिस बॉलची एक अडचण म्हणजे त्याची उसळी. नियमाप्रमाणे 254 सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर सोडलेला नवा बॉल 135 ते 147 सेंटिमीटर वर यायला हवा, म्हणजे सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्याच्याही वर. फरशीवर किंवा सिमेंटवर असा बॉल आपटला की तो धाकट्यांच्या डोक्यावरून जातो, त्यांना बॅटला लावताच येत नाही, आणि दोष त्यांच्या खेळाला लागतो. त्यासाठी जुना, मऊ पडलेला बॉल घ्या. लहान मुलांना टेनिस शिकवताना वापरतात ते कमी दाबाचे बॉल तर उत्तमच. लाल, नारिंगी आणि हिरवा अशा तीन पायऱ्यांत ते येतात, त्यात लाल सगळ्यात संथ. आमच्याकडे सगळे एकत्र खेळतात तेव्हा नारिंगी असतो. मोठ्यांना तो सुरुवातीला अळणी वाटतो, कारण हाणला तरी फार लांब जात नाही. पण मग फटका मारायचा तर जागा शोधून मारावा लागतो, आणि अंगणातल्या क्रिकेटची खरी गंमत तीच आहे.

फक्त मोठी माणसं उरली की टेप काढा. टेनिस बॉलला इलेक्ट्रिकल टेप गुंडाळून खेळायचा प्रकार पाकिस्तानातल्या गल्ल्यांत फोफावला आणि तिथले कितीतरी वेगवान बॉलर त्यातूनच पुढे आले. घरी तुम्ही अर्धाच बॉल टेप करून बघा. पहिली पट्टी बॉलच्या मधोमध गोल फिरवायची, मग एकाच बाजूला सरकत जायचं, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढवत. टेप ताणून लावायची, ढिली सोडली की सुरकुत्या पडतात. पडलीच एखादी तर नखाने घट्ट दाबून बसवायची, कारण त्या सुरकुतीवर टप्पा पडला की बॉल वेडावाकडा उडतो. एक बाजू गुळगुळीत आणि एक लोकरीची झाली की बॉल हवेत वळतो. दोन बोटं टेपच्या कडेवर ठेवून हळूच टाका, किती वळतो ते दिसेल. मग बॉल हातात उलटा धरा, तो दुसऱ्या बाजूला वळेल. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना स्विंग शिकवायला याहून सोपं साधन मला सापडलेलं नाही.

बॉल दोन-तीन जवळ ठेवा. खेळ थांबतो तो बहुतेक वेळा बॉल शोधण्यात.

विकेट वाजणारी हवी. भिंतीवर खडूने काढलेले तीन स्टंप दिसायला छान, पण प्रत्येक तिसऱ्या चेंडूला "लागला", "नाही लागला" सुरू होतं. रिकामा डबा, पत्र्याची बादली, प्लॅस्टिकची कचरापेटी, काहीही चालेल. बॉल लागल्याचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला पाहिजे. खऱ्या विकेटची रुंदी 22.86 सेंटिमीटर आणि उंची 71 सेंटिमीटर. घरची बादली रुंदीला त्याहून मोठी असते, ते बरंच आहे, कारण नवख्या बॉलरला यश लवकर दिसतं. भिंतीवरच आखायची वेळ आली तर बॉल ओला करा, लागल्याची खूण उमटते.

आता बंधनांकडे येते, कारण तुमच्या दोन तरुणांचा प्रश्न इथेच सुटणार आहे. सगळ्यात सोपं बंधन म्हणजे त्यांची विकेट रुंद करणं. धाकट्यांना एक बादली, त्यांना शेजारी शेजारी दोन. दुसरं, हात बदलणं: उजव्याने खेळणाऱ्याने डावखुरं खेळायचं. तिसरं, बॅट अरुंद करणं. नियमाप्रमाणे बॅट जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर रुंद असते. त्यांच्या हाती एखादा जुना स्टंप किंवा तेवढीच निमुळती फळी द्या. चौथं, फटक्याची उंची: त्यांनी मारलेला बॉल टप्पा न पडता कुठल्याही भिंतीला लागला की आउट. ही चारही एकदम लावू नका. एक लावा, त्यावरही ते ऐकेनात तर दुसरं जोडा. आणि बंधन त्यांना स्वतःला निवडू द्या, म्हणजे त्यांना ती शिक्षा वाटत नाही, आव्हान वाटतं.

आमच्याकडे एक भाचा आहे, कॉलेजच्या संघातून खेळणारा. अंगणात तो डावखुरा उभा राहतो, हातात स्टंप. समोर सात वर्षांची मुलगी. ती जीभ ओठांत धरून, दोन्ही हातांनी बॉल फिरवून घेते आणि खालून सोडते. बॉल दोन टप्प्यांत येतो, दुसरा टप्पा एका उंचवट्यावर पडून आत वळतो. भाचा पाय पुढे टाकतो, स्टंप खाली आणतो, बॉल स्टंपच्या कडेला घासून बादलीवर आदळतो. त्याचा चेहरा खरोखर पडलेला असतो, आणि ती नेमकी तोच चेहरा बघत असते. तो मुद्दाम आउट झाला असता तर तिने ओळखलं असतं. मुलं हे नेहमी ओळखतात. त्याने जीव तोडून खेळावं आणि तरी ती त्याला आउट करू शकावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. म्हणून मोठ्यांना एकच सांगणं: बंधन घ्या आणि मग पूर्ण ताकदीने खेळा. बंधन न घेता अर्धवट खेळणं हा धाकट्यांचा अपमान आहे.

बॅटिंग कुणाला किती, यावरून तुमच्याकडे रुसवे होतात. त्यावर इनडोअर क्रिकेटचा तोडगा मी सुचवेन. त्या खेळात संघात आठ जण असतात, जोड्या करून खेळतात आणि प्रत्येक जोडी चार ओव्हर खेळते. आउट झालं तरी कुणी बाहेर जात नाही, फक्त पाच रन वजा होतात. अंगणासाठी हे अगदी चपखल बसतं. तुम्ही आठ जण म्हणजे चार जोड्या. सगळ्यात तगड्या खेळाडूबरोबर सगळ्यात धाकटी, त्याच्या खालोखाल असलेल्याबरोबर आजोबा, असे भिडू लावा. प्रत्येक जोडी तीन ओव्हर खेळेल, बाकीचे सहा जण तिच्याविरुद्ध. ओव्हरमधले तीन चेंडू एकाचे, तीन दुसऱ्याचे, म्हणजे स्ट्राइक लाटता येत नाही. चार जोड्यांच्या मिळून बारा ओव्हर, पाऊण तासात डाव पुरा.

वजा पाचची गंमत खेळता खेळता लक्षात येते. धाकटी पहिल्याच चेंडूवर आउट झाली तरी तिचे उरलेले चेंडू तिचेच असतात, त्यामुळे रडू येत नाही. पण पाच रन जातात, त्यामुळे विकेटला किंमत राहते. तिचा जोडीदार तिला फटका मारायला सांगत नाही, "बादली सांभाळ" सांगतो, आणि ती पहिल्यांदाच बॅट सरळ खाली आणायला शिकते. मी मुलांना सरळ बॅट शिकवण्यात जेवढा वेळ घालवते त्याहून कमी वेळात हा नियम ते काम करतो.

वेळ कमी असेल, किंवा जोड्यांचा हिशेब नको असेल, तर साधं 'लागला की पळ' खेळा. बॅटला बॉल लागला की पळायचंच, मग तो दोन हातांवर का पडेना. यात कुणीच दहा मिनिटं बॅट अडवून ठेवू शकत नाही, डाव सतत फिरतो आणि फील्डर झोपत नाहीत. पळायच्या रेघा मात्र दोन आखा, धाकट्यांना पाच मीटरवर, मोठ्यांना आठवर. रेघ भिंतीपासून किमान दोन मीटर अलीकडे हवी, नाहीतर वेगात आलेला माणूस भिंतीवर जाऊन आदळतो.

बॉलिंग खालून की वरून, यावर घराघरांत वाद असतात. माझ्या मते दोन्ही चालू द्या. खालून टाकणं म्हणजे कमीपणा, हा समज मनातून काढा. क्रिकेट सुरू झालं तेच खालून टाकून. खांद्यावरून बॉल टाकायला नियमाने परवानगी मिळाली 1864 मध्ये. 1981 साली मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा रन हवे असताना ऑस्ट्रेलियाचा कप्तान ग्रेग चॅपल याने आपला धाकटा भाऊ ट्रेव्हर याला बॉल सरपटत सोडायला सांगितला, तेव्हापासून या बॉलिंगचं नाव खराब झालं. आजच्या नियमांतही सामन्याआधी दोन्ही बाजूंनी मान्य केलं तर खालून टाकता येतं. अंगणात ते मान्य करून टाका. फक्त पूर्ण सरपटी बॉल नको, एक तरी टप्पा पडू दे. आजी-आजोबांच्या खांद्याला वरून टाकणं झेपत नाही, पण खालून टाकताना मनगट फिरवलं तर बॉल असा वळतो की चांगले चांगले फसतात. आजोबांना अंपायरच्या खुर्चीत बसवायची घाई करू नका. त्यांना बॉलिंग द्या.

वाइडचा नियम बदला. खऱ्या खेळासारखा बॉल परत टाकायला लावला, तर नवख्या बॉलरची ओव्हर पंधरा चेंडूंची होते आणि बिचारीला सगळे "अजून?" म्हणून बघत राहतात. वाइडचे दोन रन द्या आणि बॉल मोजून टाका. ओव्हर सहा चेंडूंत संपलीच पाहिजे.

पायचीत ठेवू नका, अंगणात ते कुणी ठरवू शकत नाही. पण मग काही जण बादलीसमोर पाय रोवून उभे राहतात. त्यासाठी: एका खेळीत तिसऱ्यांदा बॉल पायावर घेतला की आउट.

एक टप्पा एक हात हा नियम तुम्ही खेळतच असाल. तो कुणासाठी आहे याचा विचार मात्र फारसा होत नाही. झेल हा झेलणाऱ्याच्या बळावर असतो, तेव्हा सूटही झेलणाऱ्याप्रमाणे द्या. धाकट्यांनी एका टप्प्यावर दोन्ही हातांनी पकडला तरी झेल. दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना एक टप्पा, एक हात. तरुणांना एका टप्प्यावर फक्त नावडत्या हाताने, म्हणजे उजव्याने खाणाऱ्याला डावा. बॅटर कुणीही असो, झेल गेला की आउट. यात धाकटी अंगणातली सगळ्यात धोकादायक फील्डर बनते आणि बॅटर तिच्याकडे बॉल जाऊ नये म्हणून धडपडतात. मोठी माणसं तिला चुकवून खेळतायत हे तिला दिसतं तेव्हा तिचा ताठा बघण्यासारखा असतो. भिंतीवरून किंवा झाडावरून उडालेला बॉल जमिनीवर पडायच्या आत एका हाताने पकडला तर आउट, हा नियमही ठेवा. भिंती तुमच्याकडे आहेतच, त्यांचा उपयोग करा.

शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे थेट गेला तर आउट, आणि मारणाऱ्यानेच जाऊन, विचारून, आणायचा. षटकार अजिबात ठेवू नका. पुष्कळांना हे पटत नाही, पण इतक्या छोट्या जागेत षटकार ठेवला की दोनच माणसांचा खेळ होतो. त्याऐवजी बॉलरच्या मागच्या भिंतीला टप्पा पडून लागला तर चार, बाजूच्या भिंतीला एक. सरळ फटक्याला जास्त किंमत दिली की सगळे हळूहळू सरळ खेळायला लागतात.

ट्राय बॉल, म्हणजे पहिल्या चेंडूवर आउट नाही, हा नियम मला आवडतो. पण तो द्यायचा तर सगळ्यांना, नाही तर कुणालाच नाही. धाकट्यांपुरता ठेवलात की पुन्हा लिंबूटिंबू सुरू.

भांडणांबद्दल. नियम सुरुवातीलाच मोठ्याने म्हणा आणि डाव संपेपर्यंत नवा नियम नाही. "बॅट माझी, म्हणून मी नॉट आउट" हे पहिल्याच दिवशी मोडून काढा. मी तर बॅट आणि बॉल खेळाआधी घराच्या मालकीचे करून टाकते. बॅटिंगची पाळी ठरवायला मातीत आकडे लिहून त्यावर बॅट झाका आणि ज्याने आकडे बघितले नाहीत त्याला बोट ठेवायला सांगा, धाकट्यापासून सुरुवात. अंपायर कोण, तर जी जोडी नुकतीच खेळून झाली तिच्यातला एक जण. पुढे खेळायला आतुर असलेल्याला उभं केलं तर त्याला सगळेच आउट दिसतात. निकाल लागेना तर बॉल परत. एका चेंडूवर एकदाच परत, दुसऱ्यांदा वाद झाला तर बॉलरच्या बाजूने. रडीचा डाव कुणी खेळतंय असं वाटलं तर वाद तिथेच चालू ठेवू नका, त्याला बॉल द्या आणि टाकायला सांगा. हातात बॉल असलेलं मूल फार वेळ भांडत नाही.

मोठ्यांनी खेळता खेळता शिकवू नये हेही नियमातच घाला. "कोपर वर", "डोकं स्थिर", "सांगितलं होतं ना" असं दर चेंडूला ऐकणारं मूल दुसऱ्या दिवशी खेळायला येत नाही. मुलांना शिकवणं माझं कामच आहे, तरी घरच्या डावात मी तोंड बंद ठेवते. त्याने विचारलं तर सांगा, तेही दोन शब्दांत.

सुरक्षिततेत लोक बॉलला घाबरतात, पण अंगणात मोठी दुखापत मी बॅटने होताना जास्त पाहिली आहे. बॅटर जोरात फिरवतो तेव्हा त्याच्या मागे, बॉल आणायला धावलेलं धाकटं उभं असतं. विकेटच्या मागे भिंत असेल तर विकेटकीपर ठेवूच नका. बॅटरभोवती तीन मीटरचं वर्तुळ आखा. बॉलिंग चालू असताना त्यात कुणी नाही, आणि बॉलर चेंडू टाकायच्या आधी "बघा" असं ओरडेल. हातातून बॅट सुटली तर बॅटर आउट, कितीही सुंदर फटका असला तरी. हा नियम कडक ठेवलात की मुठी आपोआप घट्ट होतात. जमीन ओली असेल तर पळणं बंद, नुसते भिंतीचे रन. थोरल्यांनी मागे मागे पळत झेल घ्यायला जाऊ नये. डोक्यावरून गेलेला बॉल जाऊ द्यावा.

बॅटच्या बाबतीत एकच: "मोठं होईल तेव्हा पुरेल" म्हणून मोठी घेऊ नका. मुलीला तिच्या वरच्या हाताने, म्हणजे उजव्याने खेळत असेल तर डाव्याने, बॅट एकटीच समोर धरायला सांगा. काही सेकंदांत टोक खाली झुकायला लागलं तर ती बॅट तिच्यासाठी जड आहे. जड बॅट सरळ उचलता येत नाही, मग मुलं ती आडवी ओढतात, आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं जात नाही. हलकी प्लॅस्टिकची बॅट याहून कितीतरी बरी.

रोज आठ जण जमणार नाहीत. तिघंच असाल तर एक बॅटर, एक बॉलर, एक फील्डर, आणि बारा चेंडू झाले की फिरायचं. दोघंच असाल तर जमिनीलाच फील्डर करा: जमिनीवर चार ठिकाणी ताटाएवढी वर्तुळं काढा, बॉल त्यात थांबला किंवा त्यावरून गेला की आउट, मोकळ्या जागेतून गेला की रन. एकटं कुणी असेल तरी खेळ होतो. ऑस्ट्रेलियाचे थोर बॅटर डॉन ब्रॅडमन लहानपणी घरामागे पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा बॉल आपटायचे आणि परत येणारा बॉल एका स्टंपने टोलवायचे. बॉल कुठून कसा येईल याचा नेम नसायचा. जसप्रीत बुमराहची गोष्ट याच्या उलट टोकाची. दुपारी घरात बॉल आपटल्याचा आवाज आईला नको होता, म्हणून तो भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कडेवर बॉल टाकायचा. तिथे आवाज कमी होतो. यॉर्करचा, म्हणजे थेट बॅटरच्या पायाशी पडणाऱ्या चेंडूचा, त्याचा नेम त्या खेळातून घडत गेला. घरात असा खेळ करायचा तर मऊ बॉल द्या आणि जमिनीलगत एक पट्टी चिकटवून तिच्यावर दहापैकी किती लागतात ते मोजायला सांगा.

डावांचे आकडे वहीत लिहून ठेवा, कागदाच्या तुकड्यावर नको. कुणावर कुठलं बंधन होतं तेही आकड्यासमोर लिहा. काका डावखुरे आणि दोन बादल्यांसमोर खेळून वीस रन काढत असतील, तर पुढच्या वेळी त्यांच्या हाती स्टंप द्या. धाकटी सलग तीन डाव एकदाही आउट न होता खेळली, तर तिची पळायची रेघ एक पाऊल लांब करा आणि ते सगळ्यांसमोर सांगा. अंधार पडून डाव अर्धा राहिला तर कुठली जोडी खेळत होती, किती चेंडू उरले आणि पुढची ओव्हर कुणाची होती ते नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या सुट्टीत तिथूनच सुरू करता येईल.